आडनावाचे झालेले नाव

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अमेरिकेहून नुकतेच पत्र आले. तो तेथे एका कारखान्याच्या हिशेबखात्यात काम करतो. घरच्या चार गोष्टी लिहून झाल्यावर त्याने पुढे असे लिहिले आहे: "सर, आमच्या खात्यात माझ्याखेरीज चौघे आहेत. एक टेलर नावाची बाई, एक मेसन, एक टायलर आणि एक टॅनर. आपण वर्गात नावांची व्युत्पत्ती सांगत असा, तिची आठवण होऊन मी मनातल्या मनात भाषांतर करून पाहिले, तो शिंपी, गवंडी, कौले घालणारा आणि कातडी कमावणारा अशांच्या पंगतीस मी रोज बसतो असे ध्यानात आले. ही त्यांची आडनावे नव्हेत; आईबापांनी हौसेने ठेवलेली नावे आहेत. श्रमाची प्रतिष्ठा म्हणतात ती हीच काय?"

या प्रश्नास दोन उत्तरे सहज सुचतात, आणि दोन्ही आमच्या सुशिक्षित मंडळींच्या तोंडी नेहमी असतात. पहिले असे की, पाश्चात्त्य लोक कोणतेही काम हलके मानीत नाहीत, म्हणूनच शिंप्याचे अथवा गवंड्याचे नाव लेकरास ठेवण्यात त्यांस कमीपणा वाटत नाही. दुसरे असे की, ही निव्वळ फॅशन होय. नावाचा अर्थ तेथे कोणी पाहतच नाही, सबब तिच्यात शोधण्यासारखे काही नाही. आमच्या मते पहिले उत्तर चूक आहे आणि दुसरे अपुरे आहे. नावाचा अर्थ तेथे कोणी पाहत नाही ही गोष्ट खरी. परंतु तो न पाहण्याची मुभा त्यांस कशी मिळाली, हाच या विषयातील विचार करण्याजोगा भाग आहे. तो उलगडण्यासाठी 'टेलर' हे एकच नाव हाती धरून त्याचा मागोवा घेऊ.

'टेलर' हा शब्द मूळचा इंग्रजी नव्हे. 'कापणे' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदापासून तो निघाला, आणि इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर त्यांच्या भाषेबरोबर तिकडे गेला. त्या काळी सामान्य माणसास एकच नाव असे. जॉन, विल्यम, रॉबर्ट अशी मोजकी नावे गावोगाव चालत. एका गावात चार जॉन झाले म्हणजे त्यांस वेगळे ओळखण्यासाठी कोणास बापाच्या नावाने, कोणास राहत्या जागेवरून, कोणास अंगच्या खोडीवरून, तर कोणास धंद्यावरून हाक मारीत. जॉन शिंप्याचा मुलगा शिंपीच होई तोवर यात विसंगती नव्हती. पुढे मुलाने धंदा बदलला तरी उपनाव तेच राहिले, आणि चौदावे शतक संपेपर्यंत इंग्लंडच्या बहुतेक भागांत अशी उपनावे पिढीजात होऊन बसली. इ. स. १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांत ही घडण चालू असतानाच दृष्टीस पडते: कोठे धंदा आणि उपनाव जुळतात, कोठे त्यांची फारकत झालेली असते. तशाच पट्टीविरुद्ध इ. स. १३८१ मध्ये जे मोठे बंड झाले त्याच्या पुढाऱ्याचे नाव वॉट टायलर, म्हणजे 'कौले घालणारा' असे होते.

याच काळातला इंग्रजी काव्याचा आद्य महाकवी चॉसर. 'चॉसर' हेही धंद्याचेच नाव होय. पायांत घालावयाचे तुमानीवजा मोजे व जोडे करणारा असा त्याचा मूळ फ्रेंच अर्थ. परंतु कवीचा बाप जॉन चॉसर लंडनात द्राक्षासवाचा व्यापार करीत होता, आणि स्वतः कवी राजदरबारी नोकर, वकील व जकातीचा अधिकारी होता. जोड्यांचा धंदा त्या घरातून केव्हाच निघून गेला होता. नाव तेवढे मागे राहिले होते. त्याने आपल्या 'कँटरबरी टेल्स' या काव्यात यात्रेकरूंस पिठाची गिरणी चालविणारा, स्वयंपाकी, कारभारी अशा धंद्याच्याच नावांनी ओळखविले आहे. आणि धंद्याने माणूस ओळखला जाण्याच्या त्या जगाचे चित्र काढणारा मात्र आपल्या नावातील धंद्यापासून मोकळा होता. हा मोकळेपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढील सर्व गोष्टी त्यातून निघाल्या आहेत.

आडनाव नावाच्या जागी कसे बसले हा पुढचा टप्पा. विल्यम कॅमडेन याने इ. स. १६०५ च्या आपल्या 'रिमेन्स' या ग्रंथात ही चाल इंग्लंडात अलीकडे पडली असून इतर ख्रिस्ती देशांत ती आढळत नाही, अशी नोंद केली आहे. तिचे कारण व्यवहाराचे होते. आईच्या माहेरचे घराणे प्रतिष्ठित असेल, अथवा एखाद्या आप्ताचा किंवा उपकारकर्त्याचा मान राखावयाचा असेल, तर त्याचे आडनाव मुलास नाव म्हणून देत. कवी कोलरिज याचे पूर्ण नाव सॅम्युएल टेलर कोलरिज. त्यातील 'सॅम्युएल टेलर' हे त्याच्या धर्मपित्याचे नाव आणि आडनाव जसेच्या तसे उचलले आहे. इ. स. १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावर ज्याने बंड केले त्या फ्लेचर ख्रिश्चनचे पहिले नाव पाहावे. 'फ्लेचर' म्हणजे बाण तयार करून त्यांस पिसे लावणारा. या नामकरणांत शिवणकामाचा किंवा बाणांचा गौरव करण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. गौरव होता तो घराण्याचा, आप्ताचा, ओळखीचा. धंद्याचा अर्थ त्या नावाच्या तळाशी पडून राहिला होता, इतकेच.

ही चाल अमेरिकेत गेली आणि फोफावली. इंग्लंडात ती विशेषतः जमीनदार कुटुंबांची होती, अमेरिकेत ती सर्वांची झाली. लेखिका हार्पर ली हिचे उदाहरण मनोरंजक आहे. तिचे पहिले नाव नेल. 'हार्पर' हे मधले नाव, आणि ते तिच्या बहिणीस दुखण्यातून उठविणाऱ्या एका डॉक्टरच्या आडनावावरून ठेवलेले. इ. स. १९६० मध्ये 'टु किल अ मॉकिंगबर्ड' ही तिची कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा मुखपृष्ठावर 'नेल' गळाले आणि 'हार्पर' राहिले. 'हार्पर' म्हणजे हार्प नावाचे तंतुवाद्य वाजविणारा. तिच्या आधी टेलर कॉल्डवेल या कादंबरीलेखिकेने असेच आपल्या लांबलचक नावांतून 'टेलर' निवडले होते, आणि तिची पहिली कादंबरी इ. स. १९३८ मध्ये निघाली तेव्हा लेखक पुरुष असावा असा पुष्कळांचा समज झाला. आडनावास लिंग नसते. जे नाव मुलाचे की मुलीचे हे सांगत नाही त्याचा उपयोग लेखणी धरणाऱ्या स्त्रियांनी ओळखला होता. पुढे तोच गुण सामान्य आईबापांस हवासा वाटू लागला.

अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींवरून नवजात मुलांच्या नावांच्या याद्या दरसाल प्रसिद्ध होतात. त्यांत १९९० नंतरच्या दशकात मुलींच्या पहिल्या दहा नावांत 'टेलर' आणि मुलांच्या पहिल्या दहांत 'टायलर' आढळते. इ. स. २०११ मध्ये मुलांत 'मेसन' दुसऱ्या क्रमांकावर गेले. 'हार्पर' हे नाव मुलींच्या पहिल्या हजारांत इ. स. २००४ मध्ये आले आणि २०१५ मध्ये पहिल्या दहांत जाऊन बसले. टेलर स्विफ्ट या सुप्रसिद्ध गायिकेमुळे 'टेलर' लोकप्रिय झाले, असा एक समज आहे. तो तारखांपुढे टिकत नाही. तिचा जन्म इ. स. १९८९ चा आणि पहिला गीतसंग्रह २००६ चा. म्हणजे नाव शिखरावर होते तेव्हा ती शाळेत जात होती, आणि तिच्या कीर्तीनंतर ते नाव वर चढण्याऐवजी उतरतच गेले. तिचे नाव जेम्स टेलर या गायकाच्या आडनावावरून ठेवलेले आहे. कॅमडेनने नोंदविलेली जुनी चालच येथे निराळ्या रूपाने दिसते: आप्ताच्या जागी आवडता गायक आला, एवढाच फरक.

आता टीकेचा मुख्य प्रश्न घेऊ. सर्व धंद्यांची आडनावे अशी नावे झाली आहेत काय? तसे झालेले नाही. कूपर म्हणजे लाकडी पिंपे करणारा, सॉयर म्हणजे करवतीने लाकूड कापणारा, चँडलर म्हणजे मेणबत्त्या करून विकणारा, कार्टर म्हणजे गाडीवान, फ्लेचर आणि टायलर वर आलेच. यांपैकी बहुतेक धंदे एक तर बुडाले आहेत, नाही तर यंत्राच्या पोटात गेले आहेत. उलट बेकर, कुक, बुचर या शब्दांनी ओळखली जाणारी माणसे आजही रस्त्यावरच्या दुकानांत उभी असतात, आणि ही आडनावे घरोघर असूनही मुलांच्या नावांत फारशी उतरली नाहीत. मेसन आणि हंटर हे शब्द भाषेत जिवंत आहेत हे खरे. परंतु दगड घडविणारा माणूस आता विरळा दिसतो, आणि शिकार हा पोटाचा धंदा न राहता सुखवस्तूंचा खेळ झाला आहे. 'टेलर'चे तर लिहिणेही निराळे. धंद्याच्या शब्दात 'आय' आणि नावात 'वाय', यामुळे दुकानाच्या पाटीवरचा शिंपी आणि पाळण्यातली मुलगी यांची डोळ्यांस गाठच पडत नाही. तात्पर्य, धंद्याचे नाव लेकरास ठेवण्याजोगे होते ते त्यातील धंदा विसरला गेल्यावर. शिंप्यास मान मिळाला म्हणून टेलर हे नाव पाळण्यात गेले असते, तर खाटकासही तो मान मिळावयास हवा होता.

या नियमाची कसोटी टॅनर या नावावर पाहावी. कातडी कमावण्याचा धंदा मध्ययुगीन इंग्लंडातही दुर्गंधीचा म्हणून वस्तीच्या कडेला, पाण्याच्या काठी ढकललेला असे. 'हॅम्लेट' नाटकातील थडगे खणणारा विनोद करतो की, कातडी कमावणाऱ्याचे प्रेत इतरांहून अधिक काळ टिकते, कारण त्याच्या अंगाचे कातडेही धंद्याने कमावले गेलेले असते. त्या विनोदास हसणाऱ्या प्रेक्षकांतील कोणी आपल्या मुलाचे नाव 'टॅनर' ठेवले नसते. परंतु तीनचार शतकांनंतर अमेरिकेत 'फुल हाउस' (१९८७ ते १९९५) या कौटुंबिक दूरदर्शनमालिकेतील आवडत्या घराण्याचे आडनाव टॅनर होते, आणि १९९० नंतरच्या दशकात मुलांच्या पहिल्या शंभर नावांत ते येऊन बसले. तो वास ज्यांच्या नाकात कधी गेला नाही, त्यांस ते नाव ठेवण्यात अडचण कसली वाटणार?

येथे एक आक्षेप येईल. अर्थ विसरल्यावाचून धंद्याचे नाव ठेवले जातच नाही असे म्हणावे, तर आमच्याकडे घरोघर 'गोपाळ' आहेत, त्यांची वाट काय? गोपाळ म्हणजे गाई राखणारा, हे शेंबड्या पोरासही ठाऊक असते. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्हांस अधिक खोल नेते. गोपाळ हे नाव गुराख्याचे म्हणून ठेवीत नाहीत, देवाचे म्हणून ठेवतात. तोच अर्थ सांगणारे 'गुराखी' किंवा 'गवळी' हे नाव बारशास कोणी सुचविले, तर आत्याबाई पाळण्याची दोरी टाकून उठतील. युरोपातही असेच घडले आहे. इंग्लंडच्या सहा राजांनी धारण केलेले 'जॉर्ज' हे नाव मूळ ग्रीक भाषेत 'जमीन कसणारा' या अर्थाचे आहे. परंतु ते परकी भाषेच्या आणि एका संताच्या आवरणाखाली आले, म्हणून राजवाड्यात गेले. म्हणजे धंद्यास नावाच्या आसनावर बसावयाचे तर काही पांघरून यावे लागते: कधी विस्मृती, कधी परभाषा, कधी देवत्व. उघड्या अंगाने त्यास तेथे प्रवेश नाही, आणि हे इंग्रजांस जितके लागू तितकेच आम्हांस.

मग दोहोंत भेद कोणता? भेद विस्मृतीचा आहे. आमच्याकडे धंद्याची आडनावे थोडीथोडकी नाहीत. त्यांतील दप्तराची व अधिकाराची आडनावे, कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, फडणीस, पोतदार, ही ताठ मानेने मिरविली जातात. ज्या हर्बर्ट स्पेन्सरचे ग्रंथ आगरकरांच्या पिढीने डोक्यावर घेतले, त्याचे आडनावही भांडारातील जिन्नस वाटून देणाऱ्याचे, म्हणजे आमच्या कोठावळ्यांचे होय. स्कॉटलंडच्या स्टुअर्ट घराण्याने घरकारभाऱ्याच्या हुद्द्यावरून राजपद मिळविले, ते पेशव्यांची आठवण करून देते. परंतु सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी, तेली, चांभार ही नावे निराळ्या वर्गात पडतात. कुंभाराचा मुलगा वकील झाला, त्याचा मुलगा डॉक्टर झाला, चाक घरातून दोन पिढ्यांपूर्वी गेले, तरी ते आडनाव ऐकणारा मनात चाक फिरवून पाहतोच. चॉसरच्या घरातून जोड्यांचा धंदा गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याचा अर्थही गेला. आमच्या घरातून धंदा जातो आणि त्याची जात मागे राहते. जोवर लग्नाच्या गोष्टीत, भाड्याच्या खोलीच्या चौकशीत आणि वर्गातल्या बाकावर ती विचारली जाते, तोवर ते आडनाव विसरले जाणे शक्य नाही. आणि जे विसरले जात नाही, ते पाळण्यात कोण घालील?

हे आम्ही पुस्तकात वाचून लिहीत नाही. ज्या विद्यार्थ्याच्या पत्राने हा लेख लिहविला, त्याचे पूर्वीचे आडनाव येथे छापण्याचे कारण नाही. ते कातड्याच्या धंद्याचे होते, एवढे सांगणे पुरे. एके दिवशी आम्ही चॉसर शिकविण्यास आरंभ केला आणि 'चॉसर म्हणजे जोडे करणारा' असे सांगितले. वर्ग कौतुकाने हसला. एवढा मोठा कवी आणि नाव असे! तासाच्या शेवटी हजेरी घेताना आम्ही या मुलाचे आडनाव पुकारले, आणि वर्ग पुन्हा हसला. ते हसणे पहिल्यासारखे नव्हते. आम्हांस ते समजले. तरी घंटा झाली होती, आम्ही हजेरीपट मिटला आणि निघून आलो. वर्षाने तो मुलगा राजपत्रात छापलेली नावबदलाची जाहिरात घेऊन आमच्याकडे आला. त्याने आपल्या गावाच्या नावास 'कर' जोडून नवे आडनाव केले होते. त्यास आम्ही त्या वेळी वडीलकीने सांगितले की, बापाच्या धंद्याची लाज वाटू देऊ नये, उलट अभिमान धरावा. तो काही बोलला नाही. आमचे स्वतःचे आडनाव दप्तराचे आहे. त्याचा अभिमान धरण्यास आम्हांस कधी काही मोजावे लागले नाही, ही गोष्ट तो सल्ला देताना आमच्या मनात आली नाही.

आता त्याच्या टेबलाशेजारी टॅनर नावाचा तरुण बसतो, आणि त्या नावास कोणी हसत नाही. "श्रमाची प्रतिष्ठा ती हीच काय?" या त्याच्या प्रश्नात थट्टा किती आणि कळ किती, हे आम्हांस पत्रावरून ठरविता आले नाही.

आमच्याकडे एकच काळ आणि एकच मंडळी अशी आढळते, की जेथे धंदा काहीही न पांघरता नावाशेजारी बसला. नामा शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, ही ती मंडळी. नामदेवांचा काळ इ. स. १२७० ते १३५० असा मानतात. तिकडे जॉनपुढे 'टेलर' हे उपनाव घट्ट होत होते, त्याच शतकात इकडे नामापुढे 'शिंपी' लागत होते. संतांनी तो शब्द लपविला नाही. सावतोबांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, गोरोबांच्या हातात कथेनेही थापटणेच दिले. त्या थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोण पक्का आणि कोण कच्चा हे त्यांनी पाहिले, अशी कथा आहे, आणि त्या परीक्षेत कच्चे ठरले ते नामदेव. कुंभाराने शिंप्याची परीक्षा घ्यावी आणि ती त्याने मानावी, एवढे स्वातंत्र्य त्या मेळ्यात होते. खरी प्रतिष्ठा म्हणावी तर ती ही. परंतु ती वाळवंटापुरती राहिली. गावात परत आल्यावर शिंपी शिंप्याच्या आळीत आणि कुंभार कुंभारवाड्यात गेला. चोखोबा तर देवळाच्या पायरीच्या आत कधी आलेच नाहीत. सातशे वर्षे आम्ही ती नावे भक्तीने घेत आहो. आमच्या घरांतून नामदेव पुष्कळ निघाले, आणि 'शिंपी' हा शब्द मात्र जातीच्या दाखल्यावर राहिला.

यास्तव विद्यार्थ्याच्या प्रश्नास आमचे उत्तर असे आहे. टेलर, मेसन, टॅनर या नावांत श्रमाची प्रतिष्ठा नाही. श्रमाची विस्मृती आहे. तिच्याविषयी फार गहिवरण्याचे कारण नाही, कारण ज्या शिंप्यांनी आणि चर्मकारांनी ती नावे कमावली, त्यांची आठवण त्या नावांनी राखलेली नाही. तथापि त्या विस्मृतीचा एक लाभ आहे, आणि तो लहान नव्हे: बापजाद्यांच्या धंद्यावरून कोणी कोठे बसावे हे ती ठरवीत नाही. आठवण ठेवून मान देणे हे विसरून मोकळे सोडण्याहून श्रेष्ठ खरे. आम्ही आठवण ठेवली आणि मान दिला नाही, म्हणून आमच्या मुलांस राजपत्राची वाट धरावी लागते.

पत्राचे उत्तर आम्ही आजच टपालात टाकले. त्यात हा सर्व पसारा लिहिलेला नाही. इतकेच लिहिले आहे की, अभिमान धरण्याविषयीचा तो सल्ला आम्ही मागे घेतो. आणि हजेरीच्या वेळी वर्ग हसला, तेव्हा बोलावयास हवे होते ते आम्ही, त्याने नव्हे.